फुल फ्रेम हेविनचं प्रवचन

या मंडळी, असे दाराशी अंग चोरून बसू नका. पुढच्या बाकांवर या. उबेसाठीच्या गरम पाण्याच्या नळ्या याच बाजूला आहेत आणि गोष्टही इथूनच नीट ऐकू येते. आज तुम्हाला आमच्या हेविनची गोष्ट सांगायची आहे. मोकळेपणानं हसा. ज्याची गोष्ट आहे त्याचीच तशी परवानगी आहे, आणि देवाच्या घरात हसल्यानं छत कोसळत नाही. आमच्या चॅपलचं छत पाहून मी हे सांगतो. ते कोसळायचंच असतं तर त्याला हसण्याची वाट पाहायची गरज नव्हती.

हेविन प्रॉसर म्हणजे टाइव्ही नदीकाठच्या आमच्या गावाचा चष्मेवाला. आता दुकान पुतणी चालवते, पण नदीच्या दोन्ही तीरांवर असं नाक सापडायचं नाही ज्यावर हेविननं कधी चष्मा टेकवून पाहिला नाही. "आता शेवटची ओळ वाचा बरं," हे तो अशा मायेनं म्हणायचा की म्हातारी माणसं दिसत नसलेली अक्षरंही त्याचं मन राखायला वाचून दाखवायची. आवाज त्याला आजोळाकडून मिळालेला. आईचे वडील जुन्या वळणाचे प्रवचनकार होते. साध्या बोलण्यानं सुरुवात करायचे, मग पंधराएक वाक्यांनंतर बोलणं कधी सुराला लागलं ते कुणाला कळायचं नाही, आणि बाकांवरची माणसं वाऱ्यातल्या ओटाच्या पिकासारखी डुलायला लागायची. असं प्रवचन ज्यानं एकदा ऐकलं त्याला पुढे नुसतं बोललेलं प्रवचन अळणी लागतं. मला तरी लागतं.

आमच्याकडे आडनावं मोजकीच. हाक मारली तर अर्धा बाजार मागे वळेल, म्हणून माणसाला त्याच्या धंद्यावरून नाहीतर त्याच्या फजितीवरून नाव पडतं आणि ते थडग्यापर्यंत सोबत करतं. टेगिडनं जन्मभर शाळेची बस चालवली, तो टेगिड बस. हेविन सगळा जन्म हेविन चष्मा होता. मागच्या वर्षी मात्र त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि तो फुल फ्रेम हेविन झाला.

हे नाव त्याला आमच्या फोटोमंडळानं दिलं. मंडळ दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत भरतं. अध्यक्ष रोन्वेनबाई, शाळेत गणित शिकवायच्या, रविवारी चॅपलचा ऑर्गन वाजवतात, आणि दोन्ही कामं एकाच चेहऱ्यानं करतात. मंडळात बहुतेकांचे कॅमेरे लहान सेन्सरचे, ज्याला क्रॉप म्हणतात. म्हणजे कॅमेऱ्यात ज्या काचेवर उजेड पडतो ती काच जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. फुल फ्रेममध्ये ती पूर्ण आकाराची. पूर्वी असले कॅमेरे फक्त लग्नाचे फोटो काढणारे आणि दातांचे डॉक्टर बाळगायचे. आता आरसा नसलेले, हलके, खिशाला परवडणारे आले आणि हेविननं तसला एक घेतला. लेन्स मात्र जुनीच ठेवली. जोडायला एक कडं मिळालं, लेन्स टक्क करून बसली, झालं.

त्या दिवसापासून हेविनचे पाय जमिनीवर ठरेनात. कुणीही फोटो दाखवला की तो मान तिरकी करून म्हणायचा, "छान आहे. पण क्रॉप आहे ना, कोंडल्यासारखं वाटतं." चहा पिताना सेन्सर, प्रार्थनेनंतर सेन्सर. एका दफनविधीनंतर सँडविच खाता खाता त्यानं मृताच्या भावाला सावल्यांमधले बारकावे समजावले. त्या बिचाऱ्यानंही ऐकून घेतले.

आणि सगळ्यात जास्त ऐकलं टेगिडनं. टेगिडला वेड घारींचं. आमच्या आकाशात लाल घारी भरपूर, आणि टेगिड रोज सकाळी नदीकाठी आपला क्रॉप कॅमेरा आणि लांब पण हलकी लेन्स घेऊन उभा. बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला, पण तेवढं वजन तो डाव्या हातावर तोलायचा. तो कॅमेरा आणि त्या घारी, निवृत्तीनंतर सकाळी अंथरुणातून उठायला त्याला एवढंच कारण होतं. हे तो कधी बोलला नाही, पण त्याची बायको बोलायची.

शरद ऋतूत एका सकाळी दोघांनी शेजारी उभं राहून एकाच घारीचा फोटो काढला. हेविननं आपला मोठा करून छापला, खोलीत टांगला. टेगिड त्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "यात हवा आहे."

"ती फुल फ्रेमची हवा," हेविन म्हणाला.

झालं. टेगिडच्या मनानं घेतलं. त्या शनिवारी समुद्रकाठच्या अ‍ॅबरिस्टविथला जाऊन आपला कॅमेरा आणि लेन्स दुकानात देऊन टाकायची आणि त्या बदल्यात फुल फ्रेम घ्यायचा असं ठरलं. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मंडळात हेविनचं भाषण होतं. विषय त्यानंच फळ्यावर लिहिलेला: 'क्रॉप कॅमेऱ्याला आता काही अर्थ उरला आहे का?' खाली तो 'नाही' असंही लिहिणार होता, पण रोन्वेनबाईंनी खडू काढून घेतला. म्हणाल्या, "उत्तर आधी लिहून गणित सोडवत नाहीत, हेविन."

तर सोमवारी हेविन भाषणाची तयारी करायला बसला. आपल्या फोटोत किती ठिपके, म्हणजे पिक्सेल, भरलेत तो भला मोठा आकडा पडद्यावर झळकवावा, असा बेत होता. त्यानं संगणकावर घारीचा फोटो उघडला, आकडा पाहिला. कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याला वाटलं संगणक बिघडला. दुसरा फोटो उघडला, तोच आकडा. ईस्टरचा उघडला, नाताळचा उघडला. वर्षभराचे सगळे फोटो निम्मे.

त्यानं कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. कोपऱ्यात एक बारीकशी खूण होती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती; तो तिला कंपनीचा शिक्का समजत आला होता. त्यानं जुनी लेन्स काढली. खूण गेली. पुन्हा लावली. खूण आली. काढली, गेली. लावली, आली. मंडळी, ज्या माणसानं सगळ्या खोऱ्याचे डोळे तपासले तो खुर्चीत मटकन बसला.

त्याची बायको नेस्टा तव्यावर धिरडी घालत होती. आवाज काहीच येईना म्हणून तिनं डोकावून पाहिलं.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. नेस्टा, ही लेन्स लहान कॅमेऱ्यासाठी बनवलेली आहे. मोठ्या काचेवर तिचा उजेड पुरत नाही."

नेस्टानं उलथणं हातात धरूनच विचार केला. "म्हणजे तवा मोठा आणला, पण पळी जुनीच."

"हो."

"मग धिरडं तेवढंच होणार."

"हो गं."

"आणि कडेचा रिकामा तवा?"

"तो कॅमेरा आपणहून कापून टाकतो. एका शब्दानं बोलत नाही, नुसती कोपऱ्यात खूण दाखवतो."

"सभ्य आहे," नेस्टा म्हणाली. "तुझ्याहून तरी नक्कीच. वर्षभर गप्प बसला." मग हसू आवरून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "टेगिडला सांग."

"सांगतो. पण..."

"पण काय? तो शनिवारी चाललाय. तुझ्या त्या हवेसाठी."

"नेस्टा, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. आता मला काय नाव पडेल?"

"पडू दे काय पडायचं ते. मी लग्न केलं तेव्हा तू हेविन चष्मा होतास. मी आले की नाही?"

पण माणसाचं मन, मंडळी. खरं बोलायचा रस्ता समोर स्वच्छ दिसत असतो आणि पाय गल्लीबोळ शोधतात. हेविननं ठरवलं, आपली फजिती न सांगताच टेगिडला परत फिरवायचं. मंगळवारी सकाळी तो नदीकाठी गेला. टेगिड पुलाजवळ उभा होता, डोळा कॅमेऱ्याला.

"कसा आहेस, टेगिड?"

"हलू नकोस. ती येतेय." घार आली, गेली. टेगिडनं कॅमेरा खाली घेतला. "बोल."

"मी काय म्हणतो, तुझा हा कॅमेरा तसा वाईट नाही हं."

"कुठला? हा? ज्याला ईस्टरला तू खेळणं म्हणालास?"

"हलका या अर्थानं म्हणालो."

"रोन्वेनबाईंच्या समोर म्हणालास. वर म्हणालास, टेगिड, किल्लीच्या भोकातून जग बघणं सोड. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरोबरच आहे, आयुष्यभर तू तेच केलंस."

"हे बघ, घार लांब असते. तुझ्या लहान सेन्सरवर ती आपोआप जवळ येते. मोठ्यावर तेवढीच जवळ आणायची तर लेन्स केवढी घ्यावी लागेल माहीत आहे? रोज सकाळी मेंढीचं पिल्लू उचलून उभं राहिल्यासारखं. तुझा खांदा..."

"खांद्याचंही तूच सांगितलंस. कलेसाठी थोडं दुखलं तर दुखू द्यावं."

"मी असं म्हणालो?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तुझ्या तोंडात केक होता, पण कळलं."

हेविननं दुसरी वाट धरली. "बरं, घाई कशाला? पुढच्या वर्षी अजून स्वस्त होतील."

"आता स्वस्त झालेत तरी जो क्रॉप घेऊन फिरतो तो दारात मोटार असून खेचरावर बसतो, असं कोण म्हणालं?"

"कोण?"

"तू. माझ्या वाढदिवसाला. कार्डात लिहून."

हेविन सगळं सांगून टाकायच्या बेतात होता. आणखी एक क्षण गेला असता तर बाहेर पडलं असतं. पण टेगिडनं लेन्सवर टोपण बसवलं आणि नदीकडे बघत शांतपणे म्हणाला, "खरं सांगू, हेविन? गावात फुल फ्रेम एकच असावा, असं वाटायला लागलंय तुला. मी तुला काय समजत होतो." आणि तो पिशवी डाव्या खांद्यावर टाकून चालू लागला. घारी वर फिरत होत्या, पण त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हेविन घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच. नेस्टानं चहा पुढे ठेवला, साखर जरा जास्त घातली.

गुरुवारी खोली गच्च भरली. विषयच असा होता की लहान सेन्सरवाले सगळे आपली अंत्ययात्रा बघायला यावं तसे आले होते. टेगिड तिसऱ्या रांगेत बसला. मांडीवर मूळ खोकं, त्यात त्याचा कॅमेरा, पट्टा नीट गुंडाळलेला. दुकानात द्यायला जसा द्यावा तसा पुसून-बिसून बांधलेला. हेविनला ते खोकं दिसलं. लेकीला सासरी पाठवताना बाप जसा बसतो तसा टेगिड त्या खोक्यावर हात ठेवून बसला होता.

दिवे मंद झाले. पडद्यावर ती घार आली, खाली धुकं, मागे डोंगर.

"मित्रहो," हेविन म्हणाला, आणि थांबला. "मित्रहो, मी या गावाचे डोळे तपासले."

कुणीतरी खोकलं. हेविननं कागद टेबलावर पालथे घातले.

"मी म्हणालो, बाई, शेवटची ओळ वाचा. तिनं वाचली. मी म्हणालो, आजोबा, शेवटची ओळ वाचा. त्यांनी वाचली. दिसत नव्हती तरी वाचली." इथे आवाज किंचित वर गेला. तो शब्दांना जरा लांबवायला लागला आणि मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं जुन्या सवयीनं मान डोलावली. "आणि मित्रहो, एका माणसाच्या डोळ्यापुढे, उजव्या डोळ्यापुढे, एक खूण होती. ओळसुद्धा नाही, एक खूण. ती सकाळी होती, ती संध्याकाळी होती, ती ईस्टरला होती, ती नाताळला होती. आणि त्या माणसानं ती वाचली नाही."

"वाचली नाही," मागचा म्हातारा म्हणाला.

"कोण होता तो आंधळा?"

"कोण होता?" आता चार-पाच जण.

"तो मी होतो."

आणि मंडळी, सूर लागला. आजोबांचा तोच सूर, वर्षानुवर्षं या भिंतींनी ऐकला नव्हता तो. लेन्स लहान कॅमेऱ्याची, तिच्या उजेडाचं वर्तुळ लहान, कॅमेरा आपणहून कडा कापत होता, हे सगळं रूक्ष यांत्रिक ज्ञान हेविनच्या तोंडून असं चढत उतरत बाहेर पडायला लागलं की माणसं डुलू लागली. रोन्वेनबाईंचा हात कोपऱ्यातल्या पियानोवर कधी गेला त्यांनाही कळलं नाही. त्यांनी खाली एक स्वर धरला, दचकून हात मागे घेतला, पण तोवर बायकांच्या बाजूनं गुणगुण सुरू झाली होती.

"मी टेगिडच्या कॅमेऱ्याला खेळणं म्हणालो, मित्रहो. आणि माझ्या हातात काय होतं?"

"काय होतं?"

"तेच खेळणं होतं. फक्त मोठ्या पेटीत."

तेवढं म्हणून त्याचा आवाज एकदम खाली आला, अगदी साधा झाला. "टेगिड, मंगळवारी मी हेच सांगायला आलो होतो. सांगायचं धैर्य झालं नाही. शनिवारी जाऊ नकोस."

दिवे लागले. कुणालाच कळेना, टाळ्या वाजवायच्या की आमेन म्हणायचं. रोन्वेनबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. गणिताच्या बाईंना हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, तेही पाठीकडून.

टेगिड मात्र हसला नाही. खोक्यावरचा हात तसाच ठेवून त्यानं विचारलं, "म्हणजे ती घार?"

"क्रॉप."

"आणि धुकं?"

"क्रॉपच."

"आणि ती हवा?"

हेविननं पडद्याकडे पाहिलं. "हवा त्या सकाळी होतीच, टेगिड. खूप गार होती. तू शेजारीच होतास की."

"होतो," टेगिड म्हणाला. "मग माझ्याही फोटोत आली असेल."

"आली असणार. तू दाखवला होतास मला. मी बघितला नाही. मी माझंच बोलत होतो."

तेव्हा टेगिडनं खोकं उघडलं. पट्टा सोडवायला डाव्या हातानं वेळ लागला. कुणी मदतीला पुढे झालं नाही, आणि ते बरंच केलं. त्यानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रोन्वेनबाईंना दिलं. पडद्यावर तीच सकाळ आली, तीच घार, पण इतकी जवळ की तिचा पिवळा डोळा आपल्याकडे वळलेला, आणि पंखाच्या टोकाशी धुक्याचा पदर फाटलेला.

हेविन पडद्याच्या अगदी जवळ गेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, जसा तो कुणाचा डोळा तपासायचा तसा त्यानं तो फोटो पाहिला. मग म्हणाला, "टेगिड, हा माझ्यापेक्षा चांगला आहे."

"माहीत आहे मला," टेगिड म्हणाला. "मला वाटायचं, माझंच काही चुकतंय."

तेवढ्यात नेस्टानं केकचं ताट मध्ये आणलं.

शनिवारी ते अ‍ॅबरिस्टविथला गेलेच. टेगिडच्या बायकोनं अंड्याची सँडविचं आधीच करून ठेवली होती आणि आमच्याकडे सँडविचं झाली की प्रवास रद्द होत नाही. टेगिडचा कॅमेरा मात्र त्याच्या गळ्यात होता, खोक्यात नव्हता. दुकानात हेविननं फुल फ्रेमसाठीच बनवलेली एक लेन्स लावून पाहिली. कोपऱ्यातली खूण गेली. त्यानं कॅमेरा बाहेरच्या किनाऱ्याकडे वळवला आणि वर्षानंतर पहिल्यांदा त्याला आपली पूर्ण चौकट दिसली: मध्ये समुद्र, डावीकडे कचऱ्याचा डबा, उजवीकडे अर्धी चड्डी घातलेला एक जाडा गृहस्थ आणि टेगिडचं कोपर.

"हे सगळं आधीपासून इथे होतं?" हेविननं विचारलं.

"होतं," टेगिड तोंडातलं सँडविच सावरत म्हणाला. "मला तर रोज दिसायचं."

हेविननं ती लेन्स घेतली. चॅपलमध्ये उजेड कमी, जागा रुंद, गाणाऱ्यांची तोंडं सावलीत. तिथे मोठी काच खरोखरच कामाची आहे, आणि आता तो एवढंच म्हणतो, त्यापुढे एक शब्द नाही. घारी टेगिडच्या. सकाळी पुलाजवळ दोघं उभे असतात, एकाच्या चौकटीत घारीचा डोळा, दुसऱ्याच्या चौकटीत ठिपक्याएवढी घार आणि सगळं खोरं. कुणाचं बरोबर, असं कुणी विचारलं तर दोघंही त्या माणसाला चहा देतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. रोन्वेनबाईंनी शेजारच्या लॅम्पेटर गावच्या फोटोमंडळाला कळवलं, आणि त्यांनी हेविनला त्याच विषयावर बोलायला बोलावलं आहे. कॅमेऱ्यासाठी नव्हे, त्या सुरासाठी. हेविनला झोप नाही. तो म्हणतो, "त्या दिवशी मी गायलो नाही, लाजच गात होती. आता परक्यांसमोर ती आपणहून गाणार नाही. मलाच पुन्हा उभं राहून आपली फजिती पहिल्यापासून सांगावी लागेल." तरी त्यानं हो म्हटलंय, कारण तिथेही एखादा टेगिड मांडीवर खोकं घेऊन बसलेला असेल, असं त्याला वाटतं.

तेव्हा मंडळी, रात्री दिवा मालवण्यापूर्वी हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी आमच्या हेविनचीही आठवण ठेवा.